लायसियमच्या काळातला हॅम्लेट : व्हिक्टोरियन रंगमंचावर प्रवेश बदलायचे कसे?

तिसरी_घंटा
'हॅम्लेट'चे प्रवेश मोजले तर वीस भरतात. तट, दरबार, पोलोनियसचं घर, पुन्हा तट, राणीचं दालन, मैदान, स्मशान. शेक्सपिअरच्या स्वतःच्या काळात याची अडचण नव्हती, कारण देखावाच नव्हता. नट म्हणाला 'हा तट' की झाला तट. व्हिक्टोरियन मंडळींनी मात्र प्रत्येक जागा रंगवून, बांधून दाखवायचा हट्ट धरला, तोही गॅसच्या उजेडात.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. देखावे इतक्या वेळा कसे बदलायचे? भूत कसं दाखवायचं? आणि ओफीलियाच्या कबरीचा ट्रॅप, म्हणजे मंचाच्या जमिनीत उघडणारं झाकण, नेमका कसा चालायचा? अभिनय, समीक्षा वगैरे इथे नको. खिळे, दोर, फळ्या यांच्याबद्दल लिहा.

दोरखंड
पहिल्याचं उत्तर : पुढचा पडदा. आपल्या संगीत नाटकात रस्त्याचा पडदा ज्या कामाला यायचा, अगदी त्याच कामाला. दोन पात्रं पुढच्या पाच-सहा फुटांत उभी राहून बोलतात आणि पडद्याच्या मागे सुतार दरबार उभा करतात. लंडनमध्ये अशा प्रवेशाला सरळ 'कार्पेंटर्स सीन', म्हणजे सुतारांचा प्रवेश, म्हणायचे. एक खोल देखावा, एक उथळ, परत एक खोल अशी माळ ओवायची.

उथळ देखावा दोन प्रकारे यायचा. एक, वरून सोडलेला रंगीत पडदा. दोन, डावीउजवीकडून सरकत येऊन मधोमध मिळणाऱ्या दोन चौकटी, म्हणजे फ्लॅट. हे फ्लॅट लाकडी खाचांतून सरकायचे. खाली जमिनीवर एक खाच, वर माळ्याला टांगलेली दुसरी. एकेका जागी शेजारी शेजारी चार-पाच खाचा असत, म्हणजे पुढच्या प्रवेशांच्या चौकटी आधीच भरून ठेवता येत. वरच्या खाचेचा पुढे आलेला हात बिजागरीवर असे आणि साखळीने वर उचलता येई, नाहीतर उंच देखावा अडला असता.

अडचणी कुठे येतात ते बघा. लाकूड फुगलं की चौकट मध्येच अडते. दोन्ही बाजूंचे ढकलणारे एका लयीत नसले तर एक अर्धा राजवाडा येऊन थांबतो आणि दुसरा अर्धा अजून विंगेत. आणि दोन्ही नीट आले तरी मधली उभी फट दिसतेच. आकाशाच्या मधोमध काळी रेघ.

पिटातला
शिवाय खाचांमुळे सगळं प्रेक्षकांना समांतरच राहतं ना? खोलीच्या बाजूच्या भिंती तिरक्या लावायच्या तर खाच काय कामाची.

दोरखंड
बरोबर, आणि शेवटी खाचा गेल्या त्या त्यासाठीच. नट-व्यवस्थापक हेन्री अर्विंगने १८७८ मध्ये लंडनचं लायसियम थिएटर हातात घेतलं आणि १८८० च्या सुमारास खाचा काढून टाकल्या. मग कुठलाही तुकडा कुठेही उभा करून मागून तिरकी टेकणी लावायची, टेकणीचा पाय जमिनीत स्क्रूने घट्ट करायचा. मोकळीक मिळाली, पण माणसं जास्त लागू लागली. खाचेतली चौकट ढकलायला बाजूला एक माणूस पुरतो. मोकळी चौकट धरायला एक, टेकणी आणायला दुसरा, आणि शेजारच्या चौकटीशी दोरीने बांधायला बहुधा तिसरा.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, ती म्हणजे उतार. त्या रंगमंचांची जमीन मागून पुढे उतरती असायची, साधारण फुटाला अर्धा इंच. ऐकायला किरकोळ वाटतं. ३० फूट खोल मंचावर मागची आणि पुढची टोकं यांच्यात १५ इंचांचा फरक पडतो. मागे-पुढे जाणारी १२ फुटांची भिंत लावायची तर तिचा तळ ६ इंचांनी तिरपा कापावा लागतो. न कापता उभी केली तर भिंत पुढे कलते आणि तिच्यातलं दार आपोआप उघडतं किंवा आपोआप मिटतं. तिरपा कापलेला तुकडा दुसऱ्या सपाट नाट्यगृहात नेला की तिथे त्याच्याखाली पाचरी ठोकाव्या लागतात. चाकांवरचं काहीही असलं, सिंहासन असो वा होडी, चाकाला अडण लावल्याशिवाय हात सोडायचा नाही. ते वाद्यवृंदाच्या डोक्यावर जाणार हे ठरलेलं.

नट-व्यवस्थापक हर्बर्ट बीरबोम ट्रीने १८९७ मध्ये लंडनला हर मॅजेस्टीज थिएटर बांधलं तेव्हा मंच सपाट ठेवला, त्यामागे हीच डोकेदुखी आहे.

काडेपेटी
आणि वरचे दोर? ते लिहिल्याशिवाय पडद्याची गोष्ट अर्धी राहते.

दोरखंड
एका पडद्याच्या वरच्या दांड्याला सहसा तीन दोर : जवळचा, मधला, लांबचा. तिन्ही कप्प्यांवरून एकाच बाजूच्या माळ्यावर येतात आणि तिथल्या खुंटीला बांधले जातात. तिन्ही एकत्र ओढायचे, पण सारखे बसलेत का हे आधी तपासायचं. मधला दोन इंच आखूड झाला की पडद्याला पोटात सुरकुती पडते आणि राजवाड्याचे खांब वाकतात. दोर तागासारख्या नैसर्गिक धाग्याचे, दमट हवेत आकसतात. दुपारी जमिनीला टेकलेला पडदा पावसाळी संध्याकाळी वर उचललेला सापडतो आणि खालून सुतारांचे बूट दिसतात. म्हणून प्रयोगाआधी दर वेळी परत जुळवणी.

वर उंची नसेल तर पडदा सपाट उचलता येत नाही, तो खालच्या गोल दांड्यावर गुंडाळत वर न्यायचा. आपल्याकडच्या फिरत्या कंपन्यांनीही तेच केलं, कारण गावोगावच्या मांडवात उंची कुठून आणणार?

रंगपेटी
गुंडाळ्याबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, कारण गुंडाळला की रंगाची परीक्षा होते.

रंग म्हणजे कोरडी पूड आणि सरसाचं गरम पाणी. तेलरंग नाही. तेलरंग चमकतो, कॅनव्हास कडक होतो आणि लवकर पेटतो. आधी सरस आणि खडूच्या पुडीचा हात द्यायचा, तो वाळला की रंग. सगळं गणित सरसाच्या प्रमाणाचं. कमी पडला तर रंग हाताला लागतो, पडदा हलला की भुकटी उडते, खाली उभ्या हॅम्लेटच्या काळ्या कपड्यांवर पांढरे शिंतोडे. जास्त झाला तर पडदा पत्र्यासारखा वाजतो आणि गुंडाळल्यावर रंगाला आडव्या भेगा पडतात. सरस थंड झाला की थिजतो, म्हणून भांडं मंद आचेवर सतत कोमट ठेवावं लागतं. उकळला तर त्याची चिकटशक्ती जाते. दोन दिवसांत कुजतो, वास वेगळाच.

दुसरी खोच रंगछटेची. गॅसचा उजेड पिवळा. दिवसाच्या उजेडात सुंदर निळं आकाश गॅसखाली हिरवट-राखाडी दिसतं, फिकट पिवळा पांढऱ्यात विरून जातो. म्हणून चित्रकार रंग गॅसच्या उजेडात तपासून मगच पुढे जायचे. लायसियमचा हॉज क्रेव्हन यात मुरलेला. आज एलईडीखाली त्या काळच्या पडद्याची नक्कल करायची तर उलटं संकट : जुना नमुना तंतोतंत उतरवला तर तो भडक दिसतो, कारण तो पिवळ्या उजेडाची घट धरून रंगवलेला आहे.

तिसरी_घंटा
मग १८८१ मध्ये वीज आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल?

चुनखडी
सगळ्यांनी नाही! सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये विजेवर गेलं, सुमारे १२०० दिवे. मालक रिचर्ड डॉयली कार्टने रंगमंचावर पेटता दिवा तलम कापडात गुंडाळून फोडून दाखवला, कापड जळलं नाही. अर्विंगच्या कंपनीला मात्र वीज पसंत पडली नाही. लायसियममध्ये मध्यंतरी वीज बसवली गेली होती, ती पाहून कंपनीची मुख्य नटी एलन टेरी हिने परत गॅस आणायला लावला. गॅसचा उजेड दाट आणि मऊ पडतो, रंगवलेल्या कापडाचं कापडपण झाकतो. वीज सुरकुती न् सुरकुती दाखवते.

गॅसची व्यवस्था अशी. रंगमंचाच्या बाजूला, प्रॉम्प्टरजवळ, एक नळांचा फळा. मुख्य नळ तिथे येतो आणि फांद्या फुटतात : मंचाच्या पुढच्या कडेचे फूटलाइट, वर टांगलेल्या दिव्यांच्या आडव्या रांगा म्हणजे बॅटन, विंगेतले उभे दिवे, जमिनीवरच्या सुट्या पट्ट्या. प्रत्येकाला स्वतंत्र तोटी आणि तिला वळसा घालून जाणारी एक बारीक नळी. तोटी पूर्ण बंद केली तरी बारीक नळीमुळे ज्योत टिकून राहते. सगळ्या प्रकाशयोजनेचा जीव त्या बारीक नळीत. ती कचऱ्याने तुंबली की दिवे विझतात, मग 'पहाट करा' म्हणून तोटी उघडली की पहाट होत नाही, नुसता गॅस बाहेर येतो. कोणीतरी काडी घेऊन वर धावतो. पुढचं सांगायला नको.

आणखी एक त्रास दाबाचा. वरचे बॅटन एकदम कमी केले की तो दाब दुसऱ्या फांद्यांत जातो आणि फूटलाइट अचानक उसळतात. म्हणून फळ्यावरचा माणूस एक तोटी फिरवताना दुसऱ्या हाताने शेजारची धरून असतो.

काडेपेटी
अवांतर नाही म्हणून लिहितो. या सगळ्याभोवती टांगलेलं काय होतं? कॅनव्हास, लाकूड, ताग, जाळीचं कापड. एक्सेटरच्या थिएटर रॉयलला ५ सप्टेंबर १८८७ रोजी वर टांगलेल्या देखाव्याला गॅसच्या ज्योतीने आग लागली, १८६ माणसं गेली. वरच्या गॅलरीतल्यांना बाहेर पडायची वाट धड नव्हती. अग्निरोधक पडद्याची सक्ती त्यानंतरची. फूटलाइटवर तारेच्या जाळ्या त्याआधीच बसत होत्या, कारण नर्तिकांचे झगे पेटायचे. १८४४ मध्ये ड्रुरी लेनला क्लारा वेबस्टर अशीच भाजून गेली. कापड तुरटीच्या पाण्यात बुडवायचे, पण ते धुतलं की परिणाम गेला, आणि रंगही मळकट दिसतो म्हणून लोक टाळायचे.

पिटातला
लाइमलाइटवर कोणीतरी सविस्तर लिहा. 'चुनखडी' नाव घेऊन बसलेल्यांनीच लिहावं.

चुनखडी
घ्या. लाइमलाइट म्हणजे चुनकळीचा बोटाएवढा दंडगोल, त्यावर ऑक्सिजन आणि हायड्रोजनची (किंवा साध्या कोळशाच्या गॅसची) धगधगती ज्योत. ज्योत स्वतः फारसा उजेड देत नाही, तापलेला चुना पांढराशुभ्र पेटतो. आयर्लंडच्या जमीनमोजणीत थॉमस ड्रमंडने १८२५ च्या सुमारास दूरवरची खूण दिसावी म्हणून तो वापरला, रंगभूमीवर १८३७ मध्ये कॉव्हेंट गार्डनला आला.

क्रम असा. आधी फक्त हायड्रोजन पेटवायचा आणि चुना हळूहळू शेकायचा. घाई केली तर तडकतो आणि तापलेला तुकडा खाली पडतो. मग ऑक्सिजन थोडा थोडा सोडायचा. नळीचं तोंड चुन्यापासून फार तर अष्टमांश इंच. ज्योत एकाच जागी राहिली की चुन्याला खड्डा पडतो, खड्ड्यातून ज्योत उलटी परावर्तित होते आणि पुढचं भिंग फुटतं. म्हणून दर थोड्या वेळाने चुना किंचित फिरवत राहायचं. म्हणजेच प्रत्येक दिव्यामागे एक माणूस, पूर्ण प्रयोगभर. चुना डब्यात हवाबंद, कोरड्या चुन्याच्या भुकटीत ठेवायचा. उघडा राहिला तर हवेतल्या दमटपणाने आपोआप विरतो आणि ऐन वेळी भुगा हातात येतो.

धोका दिव्यात नव्हता, पिशव्यांत होता. दोन वायू दोन वेगळ्या रबरी पिशव्यांत, पिशव्या बिजागरीच्या फळ्यांमध्ये, फळीवर ५६ पौंडी वजनं. दोन्ही दाब सारखे हवेत. एकीकडचं वजन घसरलं किंवा कोणी उचललं की जास्त दाबाचा वायू नळीतून दुसऱ्या पिशवीत शिरतो आणि तिथे तयार मिश्रण होतं. मग पुढची काडी शेवटची. पुढे धातूच्या बाटल्या आल्या तेव्हा ही भीती बरीच कमी झाली. आज कोणी हौसेने हे करू नये. एलईडी प्रोफाइल दिव्याला फिकट हिरवटसर फिल्टर लावून जवळपास तोच पांढरा मिळतो.

तिसरी_घंटा
आता भुताकडे या. पेपर्स घोस्ट वापरायचे का? मोठी काच, खाली लपलेला नट, काचेत त्याचं प्रतिबिंब?

चुनखडी
ती युक्ती २४ डिसेंबर १८६२ ला लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये गाजली. मूळ कल्पना हेन्री डर्क्सची, नाव झालं जॉन पेपरचं. पण 'हॅम्लेट'साठी ती गैरसोयीची, आणि कारणं अगदी व्यवहाराची आहेत. काचेमागच्या हॅम्लेटला भूत दिसतच नाही, ते फक्त प्रेक्षकांना दिसतं. त्याने कुठे बघायचं ते जमिनीवर खुणा करून ठरवावं लागतं, आणि नजर एक फूट चुकली तरी सगळं हसण्यावारी जातं. दुसरं, पहिल्या अंकात बापाचं भूत ऐंशीच्या आसपास ओळी बोलतं. बोलणारा नट काचेच्या अलीकडे, मंचाखालच्या खड्ड्यात. तिथून काय ऐकू येणार? तिसरं, काच लावली की तो संपूर्ण प्रवेश तिच्याच मागे होतो आणि ती काढायला वेळ लागतो. परत आलो आपण वेळेवरच.

म्हणून खरा नट, निळसर लाइमलाइट आणि मध्ये जाळीचं कापड. जाळीवर पुढून तिरका उजेड टाकला की ती भिंत होते, पुढचा उजेड कमी करून मागे वाढवला की ती विरते आणि मागचा माणूस धुरकट उभा दिसतो. पुढचा उजेड समोरून टाकायचा नाही, तो जाळीतून आरपार जातो आणि भूत वेळेआधीच दिसतं. जाळीला जोड नको, जोड म्हणजे भुताच्या पोटावरून गेलेली शिवण. आणि भुताच्या मागे काळा पडदा हवा, नाहीतर मागची भिंतही सोबत प्रकट होते.

नट-व्यवस्थापक सॅम्युअल फेल्प्सने १८५३ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स थिएटरला 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये वनाचे प्रवेश अशाच जाळीमागे खेळले. ती लाइमलाइटशिवाय साधलेली धुक्याची जादू.

काडेपेटी
भूत सरकत वर येतं तो कॉर्सिकन ट्रॅप राहिला. नट-व्यवस्थापक चार्ल्स कीनच्या १८५२ च्या 'कॉर्सिकन ब्रदर्स' नाटकावरून हे नाव. मंचाला आडवी लांब चीर, तिच्याखाली चढत जाणारे रूळ, रुळावर छोटी गाडी, गाडीवर नट. गाडी ओढली की नट एकाच वेळी वर येतो आणि आडवा सरकतो, पाय हलत नाहीत. चीर झाकायला कापडावर चिकटवलेल्या पट्ट्या, दुकानाच्या शटरसारख्या. गाडीबरोबर पुढच्या गुंडाळतात, मागच्या पसरतात. आइल ऑफ मॅनमध्ये डग्लसच्या गेइटी थिएटरला तो पुन्हा बसवून चालता केला आहे. न्यूकॅसलच्या टाइन थिएटरची (१८६७) लाकडी यंत्रणाही १९८५ च्या आगीनंतर परत उभी केली. तिकडे राहणाऱ्यांनी खाली उतरून बघावी, वरून काही कळत नाही.

पिटातला
हे सगळं वाचून एकच म्हणतो : म्हणजे शेक्सपिअरचा क्रम सुतार ठरवायचे?

दोरखंड
बऱ्याच अंशी हो. एकाच जागेचे दोन प्रवेश एकमेकांपासून लांब असतील तर ते ओढून एकत्र जोडायचे. छोटे प्रवेश गाळायचे. 'हॅम्लेट'मधला नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास तर जवळजवळ सगळेच गाळायचे. १८९७ मध्ये नट फोर्ब्स-रॉबर्टसनने लायसियमला त्याला परत आणलं ही बातमी ठरली. आणि एवढी कापाकापी करून वाचलेल्या वेळात स्वतःचं घालायचं. कीनने १८५७ च्या 'रिचर्ड दुसरा'मध्ये बोलिंगब्रोकचा लंडनप्रवेश प्रत्यक्ष दाखवला, नाटकात तो नुसता वर्णनात आहे. अर्विंगच्या १८७९ च्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये शायलॉकची मुलगी पळून गेल्यावर पडदा पडतो, लगेच वर जातो, शायलॉक कंदील घेऊन पुलावरून येतो आणि रिकाम्या घराचं दार ठोठावतो. शेक्सपिअरमध्ये हे नाही. पण हे नाटक सलग २५० रात्री चाललं.

माझं मत : शायलॉकचं दार ठीक, लंडनप्रवेश नाही. पहिल्यात देखावा नटाला एक क्षण देतो, दुसऱ्यात नुसती गर्दी.

रंगपेटी
याच्या विरुद्ध दिग्दर्शक विल्यम पोएल. एप्रिल १८८१, सेंट जॉर्जेस हॉल, 'हॅम्लेट'ची पहिली छापील संहिता, मागे नुसते साधे पडदे. नट अडखळले म्हणतात, पण प्रवेश बदलायला शून्य मिनिटं.

आपल्याकडचा क्रम मजेशीर आहे. आगरकरांचं 'विकारविलसित' (म्हणजे 'हॅम्लेट') १८८३ चं, देवलांचा 'झुंझारराव' (म्हणजे 'ऑथेल्लो') १८९० चा, म्हणजे मराठी शेक्सपिअर उभा राहिला तो थेट रंगीत पडद्यांच्या चौकटीत. पोएलची वाट आपल्याला माहीतच नव्हती. पारशी कंपन्यांनी मुंबईत ती चौकट आधी रुळवली होती.

तिसरी_घंटा
कबर राहिली.

काडेपेटी
कबरीचा ट्रॅप मंचाच्या मधोमध, साधारण ६ फूट बाय ३. वरची झाकणं म्हणजे सरकफळ्या. खालून अडसर काढला की त्या थोड्या खाली बसतात आणि दोन्हीकडे जमिनीखाली सरकतात. मग खालचा पाट काउंटरवेटच्या, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाच्या तोलवजनाच्या, जोरावर वरखाली. कबर खणणारा कमरेइतका आत दिसायला हवा, म्हणजे पाट सुमारे ३ फुटांवर अडवायचा. ओफीलियाचा भाऊ लेआर्टिस आणि हॅम्लेट आत उडी मारून झोंबतात, तेव्हा पाटावर दोन माणसांचं उडीसकट वजन येतं. काउंटरवेट एका माणसाच्या हिशोबाने लावलेलं असेल तर पाट खाली जातो. म्हणून या प्रवेशात पाट दोरावर ठेवायचाच नाही, खालून लाकडी टेकू ठोकून बसवायचा आणि दोर ढिला सोडायचा. प्रवेश संपल्यावर आधी दोर ताणायचा, मग टेकू. क्रम चुकला तर टेकू काढणाऱ्याच्या डोक्यावर.

सगळ्यात नेहमीची चूक : सरकफळी परत येताना अर्धा इंच कमी येते. वरून कळत नाही. पुढच्या प्रवेशातल्या तलवारबाजीत कोणाचा तरी पाय अडकतो. खालच्याने हात फिरवून फट तपासल्याशिवाय 'बंद' म्हणायचं नाही.

तिसरी_घंटा
माती खरी वापरायची?

काडेपेटी
कोरडी माती वापरली तर फूटलाइटच्या उजेडात धुळीचा ढग दिसतो आणि तीच माती सरकफळ्यांच्या खाचेत जाऊन मघाची अर्धा इंचाची फट पाडते. किंचित ओलसर केलेला लाकडाचा भुसा, मातकट रंगवलेला, आणि तो उथळ पेटीत. पेटी ट्रॅपच्या कडेला, वरच्या बाजूला.

आणि कवट्यांचं बघा. खणणारा त्या बाहेर फेकतो, जमीन फुटाला अर्धा इंच उतरती, कवटी गोल. सरळ फूटलाइटकडे घरंगळत जाते. आत वाळूची छोटी पिशवी शिवून टाका आणि गालाची एक बाजू कानशीने चपटी करा. योरिक या विदूषकाची मात्र हलकीच ठेवा, ती हातात धरून बराच वेळ बोलायचं असतं.